मुळे आणि बुरशी : मातीतली सावड



कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातून मी आपल्याशी बोलते आहे. माझा विषय आहे बुरशी. हा शब्द ऐकल्यावर आपल्याला काय आठवते? पावसाळ्यात चामडी पट्ट्यावर आलेला हिरवट थर, लोणच्याच्या बरणीत तोंडाशी धरलेली पांढरी साय. शेतकऱ्याला विचाराल तर द्राक्षावरची भुरी, ज्वारीवरची काणी, गव्हावरचा तांबेरा. बुरशीशी आपली ओळख झाली ती शत्रू म्हणूनच.

पण आपल्या स्वयंपाकघरात एक बुरशी फार मानाने बसलेली आहे. गोड्या मसाल्यातले दगडफूल. हे फूल नाही आणि दगडाचेही नाही. एक बुरशी आणि तिच्या अंगात राहणारे शेवाळ यांचा तो संसार आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते, शेवाळ उन्हावर अन्न शिजवते. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हे सांगितले, तेव्हा दगडफुलांचे नामवंत अभ्यासक त्याच्यावर भडकले होते. दोन वेगळे जीव मिळून एक देह होतो, ही कल्पनाच त्यांना मानवली नाही. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांवर पुष्कळ काम झालेले आहे. पण आज तिकडे जात नाही. आज बोलायचे आहे ते मातीखालच्या अशाच एका भागीदारीविषयी. ती डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या ज्वारी, तूर, कांदा, संत्रा यांचे बरेचसे पोषण तिच्यावर चालते.

शास्त्रज्ञ तिला मायकोरायझा म्हणतात. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने हा शब्द घडवला. गंमत अशी की सरकारने त्याला वेगळ्याच कामाला लावले होते. ट्रफल नावाची महागडी, जमिनीखाली वाढणारी अळिंबी प्रशियात पिकवता येईल का, हे त्याला शोधायचे होते. ट्रफल काही त्याच्या हाती लागली नाही. मात्र झाडांच्या मुळांवर बुरशीचे वेष्टन असते आणि तरी झाड रोगी नसते, हे त्याच्या नजरेत भरले. बुरशी झाडाला खाऊ घालत असावी, असे त्याने मांडले, आणि त्यालाही पुष्कळ विरोध झाला.

फ्रांकने पाहिलेली बुरशी मुळाच्या बाहेरून गुंडाळते. पाइन, ओक, मध्य भारतातले साल यांची मुळे तशी. आपल्या बहुतेक पिकांत आणि सागासारख्या झाडांत मात्र दुसरा प्रकार असतो. तिथे बुरशीचा तंतू मुळाच्या आत शिरतो आणि पेशीत जाऊन इतका फांद्या-फांद्यांनी पसरतो की सूक्ष्मदर्शकाखाली अगदी झाडासारखा दिसतो. मूळ अल्कलीत उकळून ट्रिपॅन ब्लू या रंगात घातले की ही झाडे निळी होऊन उमटतात. इतकी वर्षे झाली, पण मुळाच्या एका पेशीत उभे असलेले ते निळे झाड दिसले की मी अजून थोडा वेळ काम थांबवते. ते टिकते जेमतेम काही दिवस. मग विरते आणि शेजारच्या पेशीत नवे फुटते.

जमिनीवरच्या वनस्पतींच्या जातींपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जातींत ही आतली भागीदारी सापडते. ती किती जुनी? स्कॉटलंडमध्ये राइनी नावाच्या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्या वनस्पतींना अजून खरी मुळे नव्हती, पण पेशींत अशाच फांद्या फुटलेली बुरशी होती. म्हणजे झाडाला मूळ फुटण्याआधी बुरशी कामाला लागली होती.

काम काय, ते आपल्या काळ्या रानावरून सांगते. काळ्या मातीत चुना भरपूर. आपण स्फुरद घालतो, त्यातला मोठा भाग कॅल्शियमशी बांधला जातो. उरलेले स्फुरद मातीच्या पाण्यातून फार संथ सरकते. मुळाने स्वतःभोवतीचे एक-दोन मिलिमीटरमधले स्फुरद उचलले की तेवढा पट्टा रिकामा होतो. माती स्फुरदाने भरलेली आणि मूळ उपाशी, अशी गत. बुरशीचा तंतू मुळावरच्या केसाहूनही बारीक असतो. मातीच्या कणांमधल्या ज्या फटीत मूळ शिरूच शकत नाही, तिथे तो जातो, रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे कित्येक सेंटिमीटर पसरतो आणि स्फुरद, जस्त उचलून आणतो. ज्या पिकांना मूळकेस थोडे आणि मुळे आखूड, त्यांना याची गरज जास्त. कांदा त्यातला. संत्राही त्यातलाच.

बदल्यात झाड काय देते? झाडाने उन्हावर तयार केलेल्या अन्नातला बऱ्यापैकी वाटा, पिकानुसार आणि परिस्थितीनुसार सुमारे ४ ते २० टक्के, बुरशीकडे जातो. पूर्वी आम्ही समजत होतो की झाड फक्त साखर देते. २०१७ साली कळले की ते तेलही देते, म्हणजे स्निग्ध पदार्थ. या बुरशीला स्वतःचे स्निग्धाम्ल बनवताच येत नाही, त्यासाठी लागणारी जनुकेच तिच्याकडे नाहीत. म्हणून ती झाडाशिवाय जगत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पाकिटाच्या हिशेबात लागणार आहे.

दोघे एकमेकांना शोधतात कसे, हेही ऐकण्यासारखे आहे. स्फुरद कमी पडले की मूळ मातीत एक रसायन सोडते, स्ट्रायगोलॅक्टोन. बुरशीला ते जाणवले की तिचे तंतू फुटू लागतात आणि मुळाकडे येतात. हे २००५ साली जपानमधल्या अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पण रसायन त्याआधीच, १९६६ पासून माहीत होते, आणि तेही एका चोरामुळे. ज्वारीतला टारफुला आपल्याला ठाऊक आहे. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचे अन्न ओढणारे ते परजीवी तण. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळ मूळ आल्याशिवाय उगवत नाही. मूळ आले हे त्याला कळते याच रसायनावरून. मूळ हाक मारते बुरशीला, आणि भिंतीला कान लावून टारफुला ती ऐकतो. चोराला कळते म्हणून झाडाने हाक मारणे सोडले नाही, यावरून बुरशीची गरज केवढी असेल ते समजावे.

आता ही भागीदारी म्हणजे काय? मैत्री? दानधर्म? मला विचाराल तर ही सावड आहे. कोकणात किंवा मावळात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. आज तुझ्या लावणीला आमच्या घरचे दोघे, उद्या आमच्या लावणीला तुझ्याकडचे दोघे. पैसा नाही, करारपत्र नाही. पण हिशेब पक्का. जो दोनदा येऊन एकदाही बोलावत नाही किंवा बोलावूनही येत नाही, त्याची सावड पुढच्या वर्षी आपोआप मोडते. नेदरलँड्समधील टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये नेमके हेच दाखवले. एकाच मुळाला जास्त स्फुरद देणारी आणि कमी देणारी अशा दोन बुरश्या जोडल्या, तर झाड जास्त देणारीकडे जास्त अन्न वळवते. उलट बुरशीही जास्त अन्न देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद देते.

आपल्यापैकी काहींनी ‘झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिल्लाला दूध पाजते’ असे व्हिडिओ पाहिले असतील. त्याचे मूळ सुझान सिमार्ड यांच्या १९९७ सालच्या कॅनडातील प्रयोगात आहे. बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवघेव त्यांनी मोजली होती. प्रयोग मोलाचा आहे. पण त्यावर जे मनोरे चढवले गेले, त्यांना जंगलातला पुरावा फार तोकडा आहे, असे याच क्षेत्रातल्या तीन अभ्यासकांनी २०२३ मध्ये सविस्तर दाखवून दिले. शिवाय ती बाहेरून गुंडाळणारी बुरशी आणि थंड प्रदेशातले जंगल. ते जसेच्या तसे मेळघाटच्या सागाला लावू नये.

सावड मोडली म्हणजे काय होते, हे विदर्भात उघड्यावर पाहायला मिळते. खाणीतून मँगनीज किंवा कोळसा काढताना वरची माती आणि दगड उपसून बाजूला ढीग लावतात. या ढिगाला मलबा म्हणायचे, कारण ती माती उरलेलीच नसते. सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, पाणी धरत नाही, आणि मुळांना साथ देणारी बुरशी जवळजवळ शून्य. त्यावर रोप लावले की पहिल्या उन्हाळ्यात जळते. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या ढिगाचीही तीच कथा.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’त, डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढिगांवर वर्षानुवर्षे काम केले. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचा मलबा, कोळसा खाणीचा मलबा, राखेचा ढीग. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. ढिगावर आधी काहीतरी सेंद्रिय घाला. गुमगावला साखर कारखान्याचा प्रेसमड होता, कोळशाच्या मलब्यावर सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ, राखेवर शेणखत. मग नत्र बांधणारे जिवाणू आणि मायकोरायझा रोपांच्या मुळांशी द्या. झाडेही त्या जागेला सोसणारी निवडा.

राखेच्या ढिगावरचा प्रयोग १० हेक्टरवर झाला, म्हणजे कुंडीतला खेळ नव्हे. हेक्टरी ५० टन शेणखत घातले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार राखेतले नत्र साडेचार पट झाले, स्फुरद १० पट. आधी जवळजवळ नसलेले मायकोरायझाचे बीजाणू १० ग्रॅम राखेत ३५ पर्यंत गेले. आणि मानवेल बांबूच्या मुळांची वाढ, काहीच न दिलेल्या रोपांच्या तुलनेत, १५ पट झाली.

इथे मी थोडी थांबते, कारण असे आकडे सांगितले की ऐकणारा म्हणतो, बुरशीने चमत्कार केला. कोळशाच्या मलब्यावरही १० हेक्टरचाच प्रयोग झाला आणि तिथे क्रोमियम, शिसे, कॅडमियम यांचे विष बरेच कमी झाले. पण त्याचे कारण देताना संशोधकांनी बोट ठेवले ते गाळाकडे. गाळ अल्कधर्मी होता, त्यात सेंद्रिय अंश होता, म्हणून धातू जागच्या जागी बांधले गेले. बुरशी एकटी काही करत नाही. तिला अन्न देणारे झाड लागते, झाडाला तग धरायला ओल लागते, ओल धरायला शेणखत किंवा गाळ लागतो. जुवारकरांच्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी सगळी मांडणी एकत्र बसवली आणि ती खऱ्या ढिगावर करून दाखवली. गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज यांनीही खाणपट्ट्यातल्या आणि बाहेरच्या झाडांच्या मुळांतल्या बुरश्यांचा असाच चिकाटीने अभ्यास केला. २००९ साली गोव्यातल्या या बुरश्या ओळखण्याची एक पुस्तिकाच मुथुकुमार यांच्यासह तिथून निघाली.

आता बुरशी वाढवायची कशी? ती झाडाशिवाय जगत नाही, म्हणजे इडलीच्या पिठासारखी भांड्यात आंबवता येत नाही. जुनी पद्धत म्हणजे कुंडीत मका किंवा गवत लावायचे, त्याच्या मुळांवर ती पोसायची आणि मग मातीसकट सुकवायची. इथून फार लांब नाही, लोधी रोडवर ‘टेरी’ संस्था आहे. तिथे डॉ. आलोक अधोलिया यांच्या गटाने काचेच्या बशीत, नुसत्या मुळांवर ही बुरशी निर्जंतुक स्वरूपात वाढवण्याचे तंत्र मोठ्या उत्पादनापर्यंत नेले. जेएनयूत अजित वर्मा यांच्या गटाने थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांपाशी एक वेगळीच बुरशी शोधली. १९९८ साली तिला पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका असे नाव मिळाले. तीही मुळांत राहून झाडाला मदत करते, पण दुसऱ्या घराण्यातली आहे आणि झाडाशिवायही वाढते. दिल्लीने या विषयाला दिलेल्या या दोन मोठ्या गोष्टी.

आणि मग ती बाजारात आली. पावसाळ्याच्या तोंडावर मला दरवर्षी फोन येतात. वरूडकडे संत्र्याची बाग असलेला माझा मामेभाऊ विचारतो, “ताई, मायकोरायझाचं पाकीट आणू काय? दुकानवाला म्हणते, मुया दुप्पट होतात.” त्याला मी जे सांगते तेच इथे सांगते.

पहिला प्रश्न, पीक कोणते? कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट ही पिके या बुरशीला दारातही उभी करत नाहीत. त्यांच्यावर पाकीट टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. दुसरा प्रश्न, स्फुरदाची मात्रा किती? मुळाला आयते स्फुरद भरपूर मिळाले की ते हाकच मारत नाही, आत शिरलेल्या बुरशीलाही आवरते. एकाच गल्ल्यावर डीएपीची भरघोस मात्रा आणि मायकोरायझाचे पाकीट अशी जोडी विकली जाते, तेव्हा दुकानदाराचे दोन्हीकडून भले होते, शेतकऱ्याचे एका बाजूने तरी नुकसान. तिसरा प्रश्न, आळवणी कशाची करणार? कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक मुळाशी ओतले तर ते मित्र आणि शत्रू ओळखत नाही.

चौथा प्रश्न पाकिटाचाच. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझा आला आहे आणि त्याला दर्जाचे निकष आहेत. पण ही जिवंत वस्तू आहे. टपावर उन्हात तापलेल्या पेटीत तिचे काय होत असेल, याचा अंदाज करायला प्रयोगशाळा लागत नाही. परदेशातही स्थिती फार वेगळी नाही. ऑस्ट्रेलिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेत बाजारातली उत्पादने तपासली, तेव्हा बहुतेकांमुळे मुळांत बुरशी शिरलीच नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग पाकीट कधीच आणू नये का? आणावे, पण रोपवाटिकेत. १९७२ साली अमेरिकेत क्लाइनश्मिट आणि गर्डेमन यांनी संत्रावर्गीय रोपांचे एक कोडे उलगडले. रोगजंतू मारण्यासाठी वाफ्यातली माती धुरी देऊन निर्जंतुक केली की रोपे खुंटत. लोक म्हणत, मातीत औषधाचे विष राहिले. खरे कारण हे होते की धुरीत मायकोरायझाही मेला होता. तो परत दिल्यावर रोपे वाढू लागली. आपल्याकडे डिंक्याच्या भीतीने जंबेरीच्या वाफ्याची माती निर्जंतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर रिकाम्या झालेल्या मातीत चांगली बुरशी देणे हे खरे पाकिटाचे काम. ते स्वस्तही पडते, कारण वाफा असतो हातभर आणि बाग असते एकरांत.

उभ्या रानात बुरशी बहुधा आधीपासून असते. तिथे प्रश्न असतो तिला जगवण्याचा. क्वीन्सलंडमधल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून दिसत होते की जमीन दीर्घकाळ नुसती उघडी पडीक ठेवली, ओल आणि नत्र साठले, तरी पुढचे पीक पिवळे पडून खुरटते. थॉम्पसन यांनी १९८७ साली दाखवले की पडीक काळात जिवंत मुळे नसल्याने बुरशी उपासमारीने घटलेली असते. आपल्याकडे कोबीनंतर लगेच कांदा घेतला तरी थोडे असेच होऊ शकते. खोल उन्हाळी नांगरटीने मातीतले तंतू तुटतात, हेही खरे. पण त्याच नांगरटीने किडींचे कोष उन्हात येऊन मरतात. त्यामुळे नांगर टाकून द्या असे मी म्हणणार नाही. दरवर्षी खोल नांगरट लागतेच का, एवढे तपासावे. तूर कपाशीच्या ओळींत उशिरापर्यंत उभी राहते, बांधावर बारमाही गवत आणि झाडे असतात, तिथे बुरशीला उन्हाळाभर कोणीतरी जेवू घालत असते.

ज्यांना आपल्या रानाची खात्री करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी पद्धत जुनी आहे आणि जवळच्या विज्ञान महाविद्यालयातही करता येते. पिकाची बारीक पांढरी मुळे, जाड नव्हेत, चार-पाच ठिकाणांहून घ्या. धुऊन सेंटिमीटरभर तुकडे करा. अल्कलीत उकळून, आम्लात बुडवून, ट्रिपॅन ब्लूमध्ये ठेवा. ही रसायने विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरायची. मग शंभर तुकडे काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि किती तुकड्यांत निळे तंतू दिसतात ते मोजा. निम्म्याहून जास्त तुकडे निळे असतील, तर या हंगामात पाकिटावर खर्च करण्याची गरज नाही. तेच पैसे शेणखतावर लावा.